मिशनसेवेसाठी सहकुटुंब नेपाळला जाताना

मराठी ख्रिस्ती कुटुंबाला परदेशी सेवेसाठी सगळ्यात सोपा वाटणारा देश म्हणजे नेपाळ. व्हिसा नाही, लिपी आपलीच, जेवण डाळभाताचं. मनमाडला कुशीनगर एक्सप्रेसमध्ये बसायचं, गोरखपूरला उतरायचं, सुनौलीची सीमा पायी ओलांडायची, की आलं नेपाळ. सोपं वाटतं म्हणून माणसं तयारीशिवाय निघतात. मुदतीआधी परत आलेल्या जोडप्यांशी बोलून बघा. कारण कामाच्या दवाखान्यात किंवा शाळेत क्वचितच सापडतं, ते घरात असतं. मुलाचं शाळेत जमेना, बायकोला दिवसभर काही काम नव्हतं, गावी वडील आजारी पडले, घरची प्रार्थना कधी बंद पडली ते कुणाला कळलंच नाही.

हा लेख त्या घराबद्दल आहे. सेवा कशी करावी हे शिकवणारे पुष्कळ आहेत, त्यात माझी भर नको. आम्ही दोघं आणि आमची दोन मुलं पश्चिम नेपाळात एका डोंगरी गावी राहिलो. तिथे जे केलं आणि आजूबाजूच्या कुटुंबांचं जे पाहिलं, त्यातून हे लिहिते आहे.

आपला या देशाशी असलेला एक जुना धागा आपल्याच मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, फारसा माहीत नसतो. नेपाळात आजही काम करणारी युनायटेड मिशन टू नेपाळ ही संस्था १९५४ साली स्थापन झाली ती नागपुरात. मसुरीच्या वुडस्टॉक शाळेतले शिक्षक रॉबर्ट फ्लेमिंग पक्ष्यांचे नमुने गोळा करायला नेपाळात गेले, डोंगरातल्या तानसेन गावापर्यंत पोचले, आणि तिथे दवाखान्याची किती गरज आहे हे सोबतच्या मंडळींच्या लक्षात आलं. त्यांच्या पत्नी बेथेल स्वतः डॉक्टर. पुढे सरकारने दवाखाना काढायला परवानगी दिली, पण अट पहिल्यापासून स्पष्ट होती: सेवा करा, धर्मांतर करू नका. ती अट आजही तुमच्या घरापर्यंत पोचते. त्याबद्दल पुढे.

आधी दोघांनी वेगवेगळं उत्तर लिहायचं

पाचारण, म्हणजे देवाने सेवेला बोलावणं, एकाला आणि सामान दोघांचं, असं चालत नाही. मराठी व्याकरण १८०५ साली आणि मराठी नवा करार १८११ साली छापणारे मिशनरी विल्यम केरी आपल्याला ठाऊक असतात, त्यांच्या पत्नी डोरोथी केरी ठाऊक नसतात. त्या हिंदुस्थानात यायला तयारच नव्हत्या. अगदी शेवटी, बहिणीला सोबत घेऊन, १७९३ साली आल्या. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर बंगालात दगावला आणि डोरोथींचं मन कायमचं बिघडलं. १८०७ साली त्या वारल्या. शेजारच्या खोलीत त्यांचा आरडाओरडा चालू असताना केरी भाषांतर करत बसलेले असत. केरींच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण आपल्या सभांमध्ये ही गोष्ट ‘केवढा त्याग’ म्हणून सांगतात तेव्हा त्याग कुणाचा झाला, असं विचारावंसं वाटतं.

म्हणून पहिलं काम कागदावर करा. नवरा आणि बायको दोघांनी एकमेकांना न दाखवता तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची: मला का जायचं आहे, मला कशाची भीती वाटते, आणि काय घडलं तर मी परत यायला निघेन. मग एखाद्या वडीलधाऱ्या जोडप्यासमोर दोन्ही कागद वाचा. हे जोडपं पाळकसाहेबांच्या घरचं नसलेलं बरं, कारण त्यांना तुम्ही जावं असं वाटत असतं. एका कागदावर नुसतं ‘हे म्हणतात म्हणून’ असं असेल तर वर्षभर थांबा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. परत येण्याची अट आधी ठरलेली असली की पुढे ती वेळ आली तर कुणी हरलं, कुणाचा विश्वास कमी पडला, अशी भाषा घरात येत नाही.

आणि मुलं धरून एकदा जाऊन या. पण ऑक्टोबरात जाऊ नका. ऑक्टोबरात आकाश निवळलेलं असतं, हिमालय दिसतो, सगळ्यांनाच पाचारण होतं. असार-साउनात जा, म्हणजे आपल्या जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. दरड कोसळून रस्ता बंद, कपडे आठवडाभर ओले, वीज गेलेली, पायाला जळवा. तेव्हा मुलं काय म्हणतात ते ऐका.

संस्था, कागदपत्रं आणि कायदा

भारतीयांना १९५०च्या करारामुळे नेपाळात राहायला व्हिसा लागत नाही. याचा अर्थ कुणीही जाऊन काहीही काम सुरू करावं असा नाही. परदेशी संस्थांना तिथल्या समाज कल्याण परिषदेशी करार करावा लागतो. डॉक्टरला नेपाळ मेडिकल कौन्सिलची, परिचारिकेला नेपाळ नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. स्वतःच्या जिवावर ‘विश्वासाने’ निघालेल्या कुटुंबांचे हाल मी पाहिले आहेत. आजारपण आलं, घरमालकाशी भांडण झालं, पोलिसांनी विचारपूस केली, तर मागे उभं राहायला कोणी नसतं. नोंदणी झालेल्या संस्थेतूनच जा.

विमानाने जाणार असाल तर मोठ्या माणसांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. नुसत्या आधार कार्डावर भागेल असं धरू नका. मुलांचेही पासपोर्ट काढून ठेवा, पुढे शाळेत आणि बँकेत उपयोगी पडतात. मुलांचे जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, लसीकरणाची पुस्तकं आणि तुमचं लग्नाचं प्रमाणपत्र असू द्या. परिचारिका असाल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचे कागद इथूनच घेऊन निघा, तिथून ते मागवणं फार त्रासाचं.

आता कायदा. २०१५च्या संविधानातल्या कलम २६(३)नुसार दुसऱ्याचं धर्मांतर करणं किंवा त्यासाठी काही करणं हा गुन्हा आहे. २०१८पासून लागू झालेल्या मुलुकी अपराध संहितेच्या, म्हणजे तिथल्या फौजदारी कायद्याच्या, कलम १५८मध्ये त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर ७ दिवसांत देशाबाहेर काढतात. व्हिसा लागत नसला तरी या कलमापुरते तुम्ही परदेशीच. आपला विश्वास पाळायला, मंडळीत जायला, घरी प्रार्थना करायला अडचण नाही. पण मुलाने वर्गात बायबलच्या गोष्टींची पुस्तकं वाटली तर ती गंमत राहत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलालाही हे शांतपणे सांगता येतं: कोणी विचारलं तर आपण खरं सांगतो, पण आपण होऊन वाटत सुटत नाही, हा इथला नियम आहे.

महाराष्ट्रातून चार दिवसांसाठी येणाऱ्या गटांपासून सावध राहा. आपलेच भाऊबहिणी असतात, उत्साह मोठा असतो, पिशवीत धर्मप्रचाराच्या पत्रिका असतात. ते वाटून, फोटो काढून जातात. चौकशीला येतात ते तुमच्या घरी, आणि त्याहून आधी तुमच्या नेपाळी शेजाऱ्याच्या घरी. ‘पत्रिका आणायच्या नाहीत’ असं येण्याआधीच लेखी कळवा, कोणाला राग आला तरी.

पैसा आणि मागे राहिलेले आईवडील

हिशेब सोपा आहे. १९९३पासून एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये असा दर बांधलेला आहे. मंडळीने दरमहा १०,००० कबूल केले तर तिकडे १६,००० होतात. ऐकायला बरं वाटतं, पण डोंगरात तेल, गॅस, वह्या सगळं ट्रकनेच चढतं आणि त्याची किंमतही चढते. सीमेजवळच्या बाजारात भाव ऐकला की आधी विचारा: आयसी की एनसी, म्हणजे भारतीय की नेपाळी रुपये. भारतातल्या बँकेतून नेपाळात पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची २००८पासून वेगळी सोय आहे. मंडळीच्या खजिनदाराला निघण्याआधी एकदा बँकेत घेऊन जा आणि ती दाखवून द्या.

मंडळीकडून आकडा लेखी घ्या, आणि त्यात मुलांची फी, वर्षातून एकदा घरी येण्याचा खर्च आणि तुमच्या म्हातारपणाची बचत धरा. या शेवटच्या गोष्टीबद्दल बोलायला सेवकांना लाज वाटते. साठीला आलेली, स्वतःचं घर नसलेली, भावाच्या वाड्यातल्या एका खोलीत राहणारी सेवक जोडपी आपल्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत. प्रभू पुरवतो हे खरं, पण विम्याचा हप्ता भरणं म्हणजे अविश्वास नव्हे.

आईवडिलांचं मात्र फोनवर ठरवू नका. भावाबहिणींना समोर बसवा. औषधांचा खर्च कोणी किती करायचा, रात्री-अपरात्री दवाखान्यात कोण नेणार, ऑपरेशनच्या कागदावर सही कोणाची. आणि सगळ्यात अवघड प्रश्नही तिथेच विचारा: काही झालं तर दफन आमच्यासाठी थांबवायचं का? डोंगरातून खाली भैरहवा, सीमा, गोरखपूर आणि मग महाराष्ट्र, रस्त्याने दोन-तीन दिवस सहज जातात. आपल्याकडे दफन बहुतेक एका दिवसात होतं. ‘थांबू नका’ असं तुम्ही स्वतः आधी सांगून ठेवलं असेल तर त्या दिवशी भावावर तो भार येत नाही. आईनेच स्वतः सांगितलं तर अजून चांगलं. माझ्या सासूबाईंनी चहा ओतता ओतता सांगितलं होतं, आणि मग ‘बिस्किटं घ्या’ म्हणाल्या.

मुलांची शाळा

इथे जरा रेंगाळते, कारण सगळ्यात जास्त चुकीचे निर्णय इथेच होतात.

नेपाळचं शैक्षणिक वर्ष बैशाखात, म्हणजे साधारण एप्रिलच्या मध्यात सुरू होतं. आपलं जूनमध्ये. त्यामुळे एप्रिलची परीक्षा झाली की दाखला घेऊन लगेच निघालात तर मुलाचं वर्ष वाया जात नाही. जूननंतर निघालात तर ते मूल तिकडच्या भरल्या वर्गात मध्येच जाऊन बसतं. तारखाही विक्रम संवताच्या असतात. शाळेच्या कागदावर मुलाचं जन्मवर्ष ५६-५७ वर्षांनी पुढचं दिसलं तर घाबरू नका. दोन्ही तारखा एका कागदावर लिहून ठेवा.

खासगी इंग्रजी शाळेला तिथे ‘बोर्डिङ’ म्हणतात, मुलं रोज घरी येत असली तरी. बहुतेक मिशन कुटुंबं लहान मुलांना अशाच जवळच्या शाळेत घालतात, आणि माझ्या मते पाचवी-सहावीपर्यंत हेच उत्तम. मुलं देवनागरी वाचू शकतात, त्यामुळे नेपाळी विषय भराभर पकडतात. गल्लीतली मुलंच वर्गात असतात, आणि तुमच्या आधी तुमची मुलं गावची होतात.

पुढे मात्र विचार करा. दहावीला तिथे एसईईची परीक्षा असते, मग अकरावी-बारावी. मूल पुढे भारतात शिकणार असेल तर समकक्षतेचे कागद लागू शकतात. काठमांडूत भारतीय दूतावासाच्या आवारात केंद्रीय विद्यालय आहे, सीबीएसईच्या इतरही शाळा आहेत, पण त्यासाठी राजधानीत राहावं लागतं. नववीत असलेल्या मुलाला हलवू नका. ते वय मित्रांचं असतं आणि बोर्डाचं वर्ष तोंडावर असतं. दोन वर्षं उशिरा गेलात म्हणून नेपाळ कुठे जात नाही.

वसतिगृहाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पूर्वी मिशनरी आपल्या लहान मुलांना मसुरीला किंवा कोडाईकनालला वर्षाचे नऊ-नऊ महिने ठेवत, आणि तो सेवेचाच भाग मानला जाई. त्यातली काही मुलं छान मोठी झाली, काहींनी म्हातारपणीही आईवडिलांना माफ केलं नाही. बारा वर्षांच्या आतल्या मुलाला सेवेसाठी दूर ठेवावं लागत असेल तर ती सेवा सध्या तुमची नाही, असं मला वाटतं.

मराठी घरीच सांभाळावी लागेल. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी एकेक धडा पुरे. आजीला पत्र लिहायला लावा. व्हिडिओ कॉलवर मुलं फक्त हसतात आणि फोन आईकडे देतात.

शाळेत एक त्रास होऊ शकतो. भारतीय मुलाला ‘धोती’ म्हणून चिडवतात. सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळात सीमेवरची वाहतूक अडली, भूकंपातून नुकतंच सावरणारं नेपाळ गॅस, पेट्रोल आणि औषधांविना राहिलं. तिथला माणूस त्याला भारताने केलेली नाकाबंदी म्हणतो आणि ते विसरलेला नाही. मुलाला भांडायला शिकवू नका, गप्प राहायलाही नको. ‘तेव्हा तुमच्या घरी काय झालं होतं?’ असं विचारायला शिकवा. शिक्षकांशी मात्र तुम्ही स्वतः बोला.

पहिले सहा महिने

हिंदी बहुतेकांना समजते, आणि तीच मोठी अडचण आहे. हिंदीवर भागवलंत तर बाजार होईल, मैत्री होणार नाही. संस्था बहुधा कामावर असलेल्या माणसाच्या भाषावर्गाचे पैसे देते. जोडीदाराच्या वर्गाचेही पैसे करारात लिहून घ्या. घरी बसणाऱ्याला भाषेची गरज जास्त असते, कारण दूधवाला, घरमालकीण, शाळा सगळं तिच्याच वाट्याला येतं. मोठ्यांशी, अनोळखी माणसांशी ‘तपाईं’ (आपलं ‘आपण’) म्हणा, म्हणजे चुका पोटात घातल्या जातात.

घर घेताना पाणी कुठल्या महिन्यात आटतं ते विचारा. पाणी उकळूनच प्यायचं. पुस-माघात घरात बाहेरपेक्षा जास्त थंडी असते, त्यामुळे पहिल्या पैशांतून जाड सिरक घ्या, ती त्यांची कापसाची रजई. मुलांना टायफॉइडची लस इथेच देऊन न्या, आणि तराईत, म्हणजे सीमेलगतच्या सपाट भागात, राहणार असाल तर जपानी मेंदूज्वराचीही.

शनिवार, रविवार आणि घरची उपासना

नेपाळात आठवड्याची सुट्टी परंपरेने शनिवारी, म्हणून मंडळ्या शनिवारी जमतात. रविवार पूर्वापार शाळेचा आणि कामाचा दिवस. हे वाचायला सोपं आहे, पण जन्मभर रविवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून भक्तीला गेलेल्या माणसाला रविवारी सकाळी डबा भरताना काहीतरी चुकतंय असं फार दिवस वाटत राहतं.

नेपाळी मंडळीत चपला बाहेर काढतात, सुकुलावर (गवताच्या चटईवर) किंवा गालिच्यावर बसतात, पुष्कळ ठिकाणी बाया एका बाजूला आणि पुरुष एका बाजूला. आपल्याकडे ‘सलाम’ म्हणतो तिथे ‘जय मसीह’ म्हणतात. मादल नावाचा ढोल, टाळ्या, लांब प्रार्थना. मुलं रमतात. पहिलं वर्षभर मागे बसा. तुमचे मिस्टर चांगले वक्ते असतील तरी उपदेशाचं निमंत्रण नम्रपणे टाळू द्या. नेपाळी मंडळी बाहेरून आलेल्यांनी वाढवलेली नाही. १९५१पूर्वी देशात ख्रिस्ती माणसाला राहायलाही मुभा नव्हती, आणि १९९०पर्यंत बाप्तिस्मा घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला तुरुंग पाहावा लागे. त्या तुरुंगात जाऊन आलेला माणूस तुमच्या शेजारी बसलेला असू शकतो. शिकायला बसा.

आणि घरात मराठी उपासना ठेवा. मला सगळ्यात जास्त आग्रहाने सांगायचं आहे ते हे. दिवसभर माणूस परक्या भाषेत प्रार्थना करतो, आजाऱ्यांसाठी करतो, कामाचा भाग म्हणून करतो. हळूहळू त्याची स्वतःची प्रार्थना उरत नाही. मुलांनाही विश्वास म्हणजे आईबाबांची नोकरी वाटू लागते. आम्ही रविवारी संध्याकाळी जेवणाआधी बसायचो. नियम थोडेच: पंधरा-वीस मिनिटांच्या वर नाही, गायन मुलांनी निवडायचं, वाचन आळीपाळीने, बाबांनी उपदेश करायचा नाही, आणि त्या वेळात दवाखान्याचा विषय काढायचा नाही. प्रार्थना करायची नसेल तर मुलाने नुसतं बसावं, कोणी डोळे वटारायचे नाहीत. गावच्या मंडळीची भक्ती फोनवर बघता येते, पण ते रोजचं करू नका. नाहीतर शरीर इकडे आणि मन नगर किंवा मिरजेत, अशी माणसं तयार होतात.

शनिवार हा एकच सुट्टीचा दिवस असला आणि तो पूर्ण मंडळीत गेला तर विश्रांती कधी? आम्ही दुपारनंतरचा शनिवार बंद ठेवला. पाहुणे नाहीत, सभा नाहीत. पहिल्यांदा लोकांना विचित्र वाटलं, मग सवय झाली.

दसैं आला की

असोजात किंवा कार्तिकात दसैं, म्हणजे तिथला दसरा, येतो, शाळा लांब सुट्टी देतात, आणि दशमीला घराघरांत वडीलधारी माणसं कपाळाला तांदूळ-दह्याचा टीका लावून जमरा, म्हणजे जवाचे कोवळे अंकुर, देतात. घरमालक तुम्हाला बोलावणारच. नेपाळी विश्वासी बहुतेक टीका घेत नाहीत, आणि त्यापायी त्यांनी घरच्यांचा दुरावा सोसलेला असतो. तुम्ही सहज टीका लावून घेतलात तर उद्या त्यांच्याच घरी त्यांना ऐकवलं जातं की भारतातले ख्रिस्ती तर घेतात.

आपल्याला हा प्रश्न नवीन नाही. शेजारच्या काकू गणपतीचा प्रसाद घेऊन आल्या की काय करायचं, हे आपल्या प्रत्येक घराने आपापल्या परीने ठरवलेलं असतं. करिंथकरांस पहिल्या पत्रातले आठवा आणि दहावा अध्याय दोघांनी मिळून वाचा आणि दसैंच्या आधी ठरवा. स्थानिक मंडळीच्या वडिलांना विचारा आणि ते म्हणतील तसं करा, तुमचं मत थोडं वेगळं असलं तरी. मग घरमालकाकडे दशमीआधीच फळं घेऊन जा, बसा, चहा घ्या, पाया पडण्याऐवजी हात जोडा आणि टीका घेणार नाही हे आधीच सांगा. ऐनवेळी कपाळ मागे घेणं अपमानाचं. मुलांच्या बाबतीत मात्र ताणू नका. शाळेत सरस्वती पूजेला कोणी टिळा लावला तर घरी आल्यावर तोंड धुतलं की संपलं. सहा वर्षांच्या मुलाच्या कपाळावर धर्मयुद्ध लढायचं नसतं.

नाताळात करंज्या, शंकरपाळे करा आणि गल्लीत ताटं पाठवा. ताटं रिकामी परत येत नाहीत.

दोघांत, आणि एकट्याने

जोडीदाराला स्वतःचं काम हवं. पगाराचंच असलं पाहिजे असं नाही, पण त्याचं नाव असलेलं. ‘डॉक्टरांची मिसेस’ हे काम नव्हे. करार करताना संस्थेला विचारा, आणि उत्तर गोलमाल आलं तर निघण्याआधीच काहीतरी शोधून ठेवा: शिकवणी, ग्रंथालय, शिवण, दवाखान्यातला हिशेब.

कोरडेपणा येतो. छळामुळे येतो असं वाटत असेल तर नाही, तो नेहमीच्या कामातून येतो. बाळंतपणात बाई दगावते, तिच्यासाठी तुम्ही रात्रभर प्रार्थना केलेली असते, आणि सकाळी सातला पुन्हा ओपीडी. असा काळ आला की मोठमोठ्या साक्षी, म्हणजे इतरांच्या विश्वासाचे अनुभव, वाचू नका. स्तोत्र ८८ वाचा. आक्रोशाने सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी आनंदाची ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आणि गावाकडे एक माणूस ठरवून ठेवा, जो तुम्हाला पैसे देत नाही, तुमचा वरिष्ठ नाही आणि मंडळीच्या पंचकमिटीत नाही. महिन्यातून एकदा त्याला खरं सांगा. पैसे देणाऱ्याला खरं सांगणं फार अवघड असतं, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं.

वयात आलेलं मूल ‘माझा विश्वास नाही’ म्हणालं तर ते प्रार्थनापत्रात, म्हणजे गावाकडच्या मंडळीला पाठवायच्या पत्रात, लिहू नका. एकूणच मुलांबद्दल लिहिण्याआधी त्यांना वाचून दाखवा. नव्या विश्वासी माणसांची नावं, गावं, फोटो तर कधीच नाहीत. कायदा वर सांगितला आहेच, आणि व्हॉट्सअॅपवरचं पत्र कुठे पोचेल याचा नेम नसतो.

एक गोष्ट अजून. मिशनच्या आवारात सगळेच काका, मावशी होतात, पाहुणे रात्री मुक्कामाला असतात, आणि ‘देवाची माणसं’ म्हणून कोणी शंका घेत नाही. पाहुण्याला मुलांच्या खोलीत झोपवू नका. मुलांना एकटं कोणाकडे पाठवण्याआधी संस्थेचे बालसुरक्षेचे नियम वाचा. संस्थेकडे असे नियमच नसतील तर ते तुमचं कारण असू द्या, दुसरी संस्था शोधायला.

सुट्टीवर आणि कायमचं परत येताना

सुट्टीवर आलात की प्रत्येक मंडळी बोलावते. आकडा आधी ठरवा आणि खजिनदाराला कळवा. प्रत्येक व्यासपीठावर मुलांना नेपाळी गाणं म्हणायला उभं करू नका. पहिले दहा दिवस फक्त आजीआजोबांचे.

कायमचं परतायचं असेल तर एप्रिलपूर्वी हलू नका, म्हणजे तिकडचं वर्ष पूर्ण होतं आणि इकडचा जून गाठता येतो. नेपाळी शाळेचा दाखला घेताना इंग्रजी तारखा लिहून घ्या, शिक्का स्पष्ट आहे का ते बघा आणि दोन प्रती जास्तीच्या मागा. इथल्या शाळेत एक प्रत हमखास हरवतात.